प्रभूने मला कसं वापरलं

परवा पहाटे नगरहून पाळकसाहेबांचा फोन आला. इथे जर्मनीत सकाळचे सहा, तिकडे साडेनऊ. हा साडेतीन तासांचा फरक भारतातून फोन करणाऱ्या कुणालाच मनापासून मान्य नसतो.

"जय ख्रिस्त! झोपला होतास का रे?"

"नाही नाही, पाळकसाहेब," मी उशीतून म्हणालो. साक्षीची सुरुवात अशी खोटं बोलून झाली.

कारण फोन साक्षीसाठीच होता. "महिनाअखेर येतोयस ना? पहिल्याच रविवारी उपासनेत तुझी साक्ष ठेवलीये. वर्षभर प्रभूने तुला परदेशात कसं वापरलं, ते दहा मिनिटांत सांग. तरुणांना प्रेरणा मिळेल."

फोन ठेवला आणि झोप उडाली. प्रभूने मला कसं वापरलं? खरं सांगायचं तर मुख्यतः खुर्च्या उचलायला.

श्वेबिश आल्ब नावाच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, स्टुटगार्टपासून तासाभरावर आमचं गाव आहे. गावात चर्च, जिथे मी वर्षभराचा स्वयंसेवक आहे, आणि चर्चशेजारी मंडळीचं सभागृह. त्यात एकशेवीस खुर्च्या. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची बैठक, पोलादी नळीचे पाय. एकावर एक दहा रचायच्या. अकरावी ठेवली की मनोरा पिसाच्या दिशेने कलतो. प्रत्येक खुर्चीला डाव्या अंगाला आकडा आणि उजव्या अंगाला कडी. रांग डावीकडून लावायला घेतली तर कडीत आकडा अलगद बसतो. उजवीकडून घेतली तर सतराव्या खुर्चीपर्यंत सगळं छान चालतं आणि मग कळतं की आपण चुकलो. सोमवारी आजीबाईंच्या व्यायामासाठी गोल. मंगळवारी ज्येष्ठांच्या कॉफीसाठी टेबलांभोवती सहा-सहा. बुधवारी दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्मा पक्का करण्याच्या विधीच्या, वर्गाची पोरं येतात, ती खुर्चीवर बसतच नाहीत, पण खुर्च्या हव्यातच. शुक्रवारी ट्रॉम्बोन आणि तुताऱ्यांच्या वाद्यवृंदासाठी अर्धगोल, तोही ट्रॉम्बोनची नळी पुढच्याच्या मानेत जाणार नाही एवढं अंतर ठेवून. हे अंतर मी पुढच्याच्या मानेवरून शिकलो.

तरी या नोकरीला इतिहास आहे. १९५४ साली बव्हेरियातल्या नॉयेनडेटेल्साऊ इथले हेरमान डीट्सफेलबिंगर या पाळकांनी तरुणांना, त्यातही मुलींना, आयुष्यातलं एक वर्ष सेवेला द्या म्हणून हाक दिली, आणि चर्चचं सेवा-वर्ष सुरू झालं. पुढे २०११ मध्ये जर्मनीने सक्तीची लष्करभरती थांबवली. बंदूक नको म्हणून त्याऐवजी इस्पितळांत, वृद्धाश्रमांत राबणारी पोरं एका फटक्यात बंद झाली. ती पोकळी भरायला सरकारने स्वयंसेवकांची योजना काढली, आणि तिच्यातून शेवटी मी आलो. म्हणजे एका अर्थी मी जर्मन सैन्याच्या बदली खुर्च्या उचलतोय. हे साक्षीत सांगितलं तर पप्पांना आवडेल.

पप्पा आमच्या मंडळीचे खजिनदार. इथे सरकारच चर्चच्या सभासदांच्या आयकराच्या आठ टक्के इतका चर्च-कर वेगळा कापून घेतं आणि चर्चला देतं, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा व्हिडिओ कॉल अडकला असं मला वाटलं. अडकला नव्हता. पप्पाच हलत नव्हते. "घरोघरी जावं लागत नाही?" त्यांनी शेवटी विचारलं. वर्गणीच्या वहीमागे वीस वर्षं घालवलेल्या माणसाचा तो आवाज मी विसरणार नाही.

खुर्च्यांनंतर झाडू. आमच्या या भागात 'केअरवोखं' नावाची प्रथा आहे, झाडण्याचा आठवडा. जिन्यात राहणाऱ्यांनी पाळीपाळीने जिना झाडायचा, पुसायचा; मोठी पाळी असेल तर बाहेरचा फुटपाथसुद्धा. ज्याची पाळी त्याच्या दारावर लाकडी पाटी. स्टुटगार्टच्या १४९२ च्या नगरनियमांपर्यंत लोक हिचं मूळ नेतात. कोलंबस हिंदुस्थान शोधायला निघाला त्याच साली हे लोक झाडू शोधत होते. तो वाट चुकला, हे चुकले नाहीत.

आमच्या जिन्यात दोनच घरं. वर मी, खाली एक आजी, वय ब्याऐंशी. एक आठवडा त्या, एक आठवडा मी. पहिल्या शनिवारी मी जिना झाडला, पुसला आणि नगरच्या पद्धतीने दोन बादल्या पाणी वरून सोडून दिलं. पाणी आजींच्या पायपुसण्यापर्यंत गेलं. त्यांनी दार उघडलं, पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फडकं कसं पिळायचं ते दाखवलं. त्यानंतर माझ्या पाळीच्या दर शनिवारी माझं झालं की त्या बाहेर यायच्या, तिसऱ्या पायरीच्या कोपऱ्यात बोट फिरवायच्या, बोट बघायच्या आणि आत जायच्या. एक शब्द नाही. मी हादरलो. शेवटी आमच्या पाळकबाईंनी मला या भागातल्या, म्हणजे श्वाबी, लोकांची म्हण सांगितली: शिव्या घातल्या नाहीत, म्हणजे पुरेसं कौतुक झालं. आमच्या आज्जीचं धोरण तंतोतंत हेच होतं. ती कुठे श्वाबी होती?

घरच्यांना यातलं काही खरं वाटत नाही. मावशीच्या मते मी तिकडे प्रवचनं देतो. तिने महिला मंडळात सांगून ठेवलंय की पोरगा युरोपात वचन सांगतोय. वचन मी सांगितलं एकदाच, ईस्टरला, दोन ओळी, आणि त्यातही जर्मन 'u'वरच्या दोन टिंबांचा उच्चार असा झाला की पहिल्या बाकावरच्या काकांनी श्रवणयंत्र काढून तपासलं. मराठी माणसाला एकच गोष्ट सोपी गेली. आपल्यासारखंच इथेही देवाला 'तू' आणि परक्या मोठ्या माणसाला 'तुम्ही'. अमेरिकेहून आलेला दुसरा स्वयंसेवक वर्षभर पोलिसाला 'तू' म्हणत होता.

आता निघायला आठवडाही राहिलेला नाही आणि खरा छळ सुरू झालाय तो जॅमचा. ऑगस्ट महिना आहे. प्रत्येक आजीच्या बागेत काहीतरी पिकलंय आणि प्रत्येकीने ते शिजवून बरणीत भरलंय. "तुझ्या आईला दे." स्ट्रॉबेरी, लाल करंट, मिराबेल नावाचे पिवळे अलुबुखार. चिठ्ठीवर पेनने वर्ष लिहिलेलं. नाही म्हणायची सोय नाही, कारण या सगळ्यांच्या खुर्च्या मीच मांडतो आणि मंगळवारी परत तोंड दाखवायचंय. काल मोजल्या: चौदा बरण्या. काचेसकट साडेआठ किलो. शिवाय हाताने विणलेले लोकरीचे मोज्यांचे पाच जोड. मे महिन्यात नगरला हे घातले तर पाय भाजून निघतील, पण बाईंनी ते मंडळीच्या बैठकीत माझ्याकडे बघत बघत विणलेत.

विमानवाले नेऊ देतात तेवीस किलो. येताना तेवीस किलो आईने भरले होते: काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, कुरडया, आणि जर्मनीत लाकूड मिळत नसावं या समजुतीने एक पोळपाट. तेव्हा मी विमानतळावर रडकुंडीला आलो होतो. आता वजनकाट्यावर बॅग घेऊन उभा राहतो आणि स्वतःचं वजन वजा करतो. तिथे वेगळाच धक्का बसला. आलो तेव्हा एकसष्ट होतो, आता अडुसष्ट. सात किलो केक. निदान तो तरी विमानात फुकट जाईल.

गावच्या कचेरीत जाऊन 'मी आता इथे राहत नाही' अशी नोंद करावी लागते, ती केली. बाईंनी नवा पत्ता विचारला.

"रस्ता?"

"चर्चच्या मागचा."

"नाव?"

"नाव नाही. चर्चच्या मागचा म्हणतात."

"घरक्रमांक?"

"पिठाच्या गिरणीसमोर."

त्यांनी पिठाच्या गिरणीचं स्पेलिंग विचारलं. मी दिलं. त्यांनी टाइप केलं. शिक्का मारून कागद हातात आला. मी राहतो याचा दाखला आपल्याकडे तीन खेपांशिवाय मिळत नाही. मी राहत नाही याचा इथे दहा मिनिटांत मिळाला.

तर साक्ष. काल रात्री वही घेऊन बसलो. 'प्रिय मंडळी, प्रभूने मला...' एवढं लिहिलं आणि पुढे काही सुचेना. डोळे मिटले की खुर्च्या दिसतात. शेवटी धीर करून पाळकसाहेबांना फोन लावला, त्यांच्या पहाटे, फिटंफाट म्हणून. सगळं खरं सांगितलं. प्रवचन नाही, चमत्कार नाही. खुर्च्या, जिना, जॅम.

ते बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, साक्ष गेली.

"एकशेवीस?" ते म्हणाले. "एकट्याने?"

"हो."

"मग असं कर. कापणीच्या सणाला मंडप घालतोय, तीनशे खुर्च्या येतायत भाड्याने. आदल्या दिवशी दुपारीच ये."

आज शनिवार. पाळी माझी, शेवटची. फडकं-बादली घेऊन बाहेर आलो तर दारावर पाटी नाही. खाली आजींच्या दारावर तशीच लटकलेली, गेल्या आठवड्यापासून. जिना ओला होता. वरपासून खालपर्यंत पुसलेला.

तिसऱ्या पायरीपाशी थांबलो, कोपऱ्यात बोट फिरवलं. जराशी धूळ राहिली होती.

मी काही बोललो नाही.