काहीच केलं नाही म्हणे

आज सकाळी लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या.

"काल वाढदिवस झाला ना गं तुझा? कुठे गेला होतात?"

"कुठे नाही काकू, घरीच होतो. पिक्चर बघितले. लागोपाठ तीन."

"अय्या! म्हणजे काहीच केलं नाहीत?"

तळमजला आला, काकू भाजीला गेल्या. मी मात्र मुलुंडपासून व्हीटीपर्यंत, खांद्यावर कोणाची तरी ओली छत्री ठिबकत असताना, त्या 'काहीच'शी भांडत उभी होते. ऑफिसात पोचले तर तिथे तेच. "घरीच बसायचं होतं तर रजा कशाला घालवलीस?" तेव्हाच ठरवलं, आज रात्री लिहायचं. लांबणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी अंगठा दाखवून पुढे सरका, राग नाही.

तर काल आम्ही काय काय 'काहीच' केलं ते ऐका.

सकाळी साडेनऊला औक्षण झालं. बाबांनी थरथरत्या हाताने कपाळावर अक्षता लावल्या, त्यातल्या निम्म्या चष्म्यावर पडल्या. मग चारही मोबाइल तांदळाच्या डब्यात ठेवून झाकण लावलं (ही माझी अट होती, वाढदिवस माझा, अटी माझ्या) आणि 'सिंहासन' लावला. वाढदिवसाला 'सिंहासन' कोण लावतं, असं माझा मुलगा म्हणालाच. वय वर्षं एकोणीस. त्याला वाटलं होतं जुना काळा-पांढरा, बोअर होणार. अर्ध्या तासात उशी मांडीवर घेऊन पुढे सरकून बसला. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री, डॉ. लागूंचा अर्थमंत्री, मधे फिरणारे निळूभाऊ. मधेच मला विचारतो, "आई, हा खरंच १९७९ चा आहे?" मी म्हटलं, हो रे राजा. मग बराच वेळ काही बोलला नाही. माझं गिफ्ट तिथेच मिळालं, केक नसता आला तरी चाललं असतं.

आता 'घरीच' म्हणणाऱ्यांना एक गोष्ट सांगायची आहे. माझा वाढदिवस ७ जुलैचा. १८९६ साली याच तारखेला आपल्या मुंबईत, वॉटसन हॉटेलात, ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. देशातला पहिला खेळ, तिकीट एक रुपया. ती इमारत मोडकळीला आलेल्या अवस्थेत अजून काळा घोड्याला उभी आहे, कधी गेलात तर मान वर करून बघा. म्हणजे माझ्या वाढदिवसाला पिक्चर बघायची पद्धत माझ्या आजोबांहून जुनी आहे. काकूंना हे लिफ्टमध्ये सांगायचं मला सुचलं नाही याची दिवसभर हळहळ वाटली.

पण खरं कारण वॉटसन हॉटेल नाही. खरं कारण १९८८.

मी दहा वर्षांची झाले तेव्हाची गोष्ट. आम्ही लालबागच्या चाळीत. ब्याऐंशीच्या संपात बाबांची गिरणी गेली ती गेलीच, तेव्हा ते एका गोदामावर रात्रपाळीचे वॉचमन होते. चाळीत कोणी 'व्हिडिओ आणला' की खोलीमागे वर्गणी काढायची रीत होती. त्या शनिवारी बाबांनी रजा टाकली आणि भाड्याचा कलर टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी आणल्या. शेजारचे काका वर्गणीचे पैसे घेऊन आले तर बाबा म्हणाले, "पोरीचा वाढदिवस आहे. वर्गणी कसली?" भाडं किती पडलं ते त्यांनी आईलाही कधी सांगितलं नाही.

दहा बाय बाराच्या खोलीत किती माणसं बसली असतील सांगा. दारात, गॅलरीत, खिडकीच्या गजांना लटकून. आईने उकडलेल्या शेंगांचं पातेलं मधे ठेवलं होतं. पहिला पिक्चर मारामारीचा, दुसरा रडका. आणि ज्यांनी रजा टाकून हे सगळं घडवून आणलं ते आमचे बाबा पहिल्या दहा मिनिटांत ट्रंकेला टेकून घोरायला लागले. आई त्यांना ढोसत होती, "अहो, पैसे भरलेत ना!"

मला गेल्या वर्षीचा वाढदिवसही आठवतो. तेव्हा मी 'काहीतरी' केलं होतं. शहाण्यासारखी बाहेर गेले होते. आधी मल्टिप्लेक्स. दारावरच्या माणसाने बाबांच्या पिशवीतली मारी बिस्किटं आणि पाण्याची बाटली बाहेर ठेवायला लावली. ऐंशीच्या घरातला माणूस, वेळेवर गोळी घ्यायची असते, सांगितलं, ऐकलं नाही. आत पाणी विकत होतेच. तिथून हॉटेलात. पाऊस, सव्वा तास वेटिंग, हातात टोकन, बाबा प्लास्टिकच्या खुर्चीवर आणि आम्ही तिघं त्यांच्याभोवती उभे, दवाखान्यात उभे राहतो तसे. मग एकदाचं टेबल मिळालं आणि जेवण संपता संपता पाच पोरं टाळ्या वाजवत केक घेऊन आली, वर ती ठिणग्या उडवणारी मेणबत्ती. त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की त्यांचा हा आजचा अकरावा वाढदिवस आहे. बाबा त्या आवाजाने दचकले. फोटो मात्र झकास आला. त्याला इथेच दोनशेवर लाइक मिळाले होते, त्यात तुम्हीही होतात!

ते 'काहीतरी' आणि कालचं 'काहीच'?

चिडचिड होते माझी. कोणाला आनंद झाला हे आता फुग्यांची कमान बघून ठरवायचं का? रील नाही म्हणजे वाढदिवस नाही? ज्यांना आवडतं त्यांनी करावं, माझं काही म्हणणं नाही. म्हणजे आहे, पण ते जाऊ दे.

हो, मोठ्या पडद्याची मजा घरच्या टीव्हीला नाही. मान्य. दुपारी आम्ही 'शोले' लावला तेव्हा बाबांनी ते चार वेळा ऐकवलं. १९७५ ला मिनर्व्हाला लागला, तिथे पाच वर्षं चालला, आणि बाबांनी तो तिथे पाच वेळा पाहिला. मागच्या दिवाळीत हा आकडा तीन होता. तीन तास चोवीस मिनिटांचा पिक्चर आहे, आमचा पावणेपाच तास चालला. कारण मधे मधे थांबवून बाबा सांगत होते की अमुक ठिकाणी पब्लिक काय करायचं, पैसे कसे उडायचे, ब्लॅकवाला कुठे उभा असायचा. मिनर्व्हा राहिलं नाही आता. पण काल पावणेपाच तास ते मुलुंडच्या आमच्या हॉलमध्ये होतं. थिएटरात कोणी पिक्चर थांबवू देतं का हो माझ्या बाबांसाठी?

आणि हो, घरचा वाढदिवस म्हणजे ओट्याशी कोणीतरी उभं राहणार. मला माहीत आहे कोण म्हणणार आहे हे, कमेंटमध्ये म्हणूही नका. नवऱ्याने बटाटेवडे केले. चव चांगली होती, आकाराबद्दल बोलत नाही. भांडी आज सकाळी मीच घासली, तेवढं खरं आहे.

संध्याकाळी पावसाचा जोर वाढला आणि नेटने मान टाकली. पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं. मुलगा राउटर बंद-चालू करतोय, नवरा केबलवाल्याला फोन लावायला तांदळात हात घालतोय, आणि बाबा शांतपणे म्हणाले, "हेड साफ करा."

मुलाला काही कळेना. मग त्याला समजावलं, व्हीसीआरचं हेड घाण झालं की चित्रावर मुंग्या यायच्या, मग कोणीतरी जाणता माणूस झाकण उघडून कोरी नोट फिरवायचा. आणि हेडवरून निघाली त्या तिसऱ्या कॅसेटची गोष्ट, जी घरातल्या प्रत्येकाने किमान वीस वेळा ऐकली आहे. तुम्ही एकदा ऐका.

त्या रात्री दोन वाजता तिसरी कॅसेट लावली. वर चिठ्ठी विनोदी पिक्चरची. आधी मुंग्या आल्या. हेड साफ केलं. चित्र आलं ते सनईचं. आम्हाला वाटलं पिक्चर लग्नापासून सुरू होतोय. पाच मिनिटं झाली, दहा झाली, हिरो काही येईना. मग मंगलाष्टकं सुरू झाली आणि आई म्हणाली, "अगो बाई, हे कोणाचं तरी खरंच लग्न आहे!"

कोणाचं, ते आजतागायत माहीत नाही. दुकानातल्या पोराने चुकीची कॅसेट दिली होती. बंद करायची? पैसे भरलेले. अख्ख्या चाळीने ते लग्न शेवटपर्यंत पाहिलं. नवरीची साडी, मामाचा फेटा, पंगतीत जिलबी दुसऱ्यांदा फिरली की नाही, सगळ्यावर चर्चा. पाठवणीला आमच्या मजल्यावरच्या बायका चक्क रडल्या. रडक्या पिक्चरला इतकं कोणी रडलं नव्हतं. सकाळी नऊला दुकानाचा पोरगा सेट न्यायला आला तर रविवार, साडेनऊला 'रामायण'. चाळीने त्याला सोडलंच नाही, चहा पाजून बसवून घेतलं.

नेट आलं. 'अशी ही बनवाबनवी' लावला. तोही अठ्ठ्याऐंशीचाच. त्यात बघायचं असं काही उरलेलं नाही, प्रत्येक वाक्य आम्ही पडद्याच्या अर्धा सेकंद आधी म्हणतो. मुलगाही म्हणतो, आणि त्याला ते कोणी शिकवलेलं नाही. त्या आरडाओरड्यात बाबा सोफ्यावर झोपले. मान डावीकडे, तोंड उघडं, हुबेहूब ट्रंकेला टेकले होते तसे. आवाज कमी करू का, असं मुलाने खुणेने विचारलं. मी नको म्हटलं. आई गेली त्याला पाच वर्षं झाली, ढोसायला कोणी नव्हतं. मी थोडा वेळ पिक्चर सोडून त्यांच्याकडेच बघत बसले.

काकू, हे होतं ते 'काहीच'.

रात्री साडेअकराला सगळं आवरून बाबांना खोलीत नेत होते. अर्धवट झोपेत त्यांनी विचारलं, "अगं, ते त्या लग्नाचं... आता सगळं मिळतं ना मोबाइलवर? बघ ना, मिळतंय का. मी झोपलो होतो तेव्हा."