फिरोज ‘खान’ नव्हते, आणि असते तरी?

परवा भाचीचा फोन आला. नववीत आहे. शाळेत वक्तृत्व स्पर्धा आहे आणि विषय ‘स्वतंत्र भारताची पहिली दहा वर्षं’. “मावशी, भाषण ऐक ना,” म्हणाली. दुसऱ्याच मिनिटाला मला ऐकायला मिळालं, की इंदिरा गांधींचे यजमान मुळात फिरोज खान होते, गांधीजींनी प्रतिज्ञापत्र करून त्यांना आपलं आडनाव दिलं आणि त्या आडनावावर एका घराण्याने नवा देश गिळला. कुठून आणलंस हे, विचारलं तर म्हणाली, “आजोबांनी ग्रुपवर टाकलंय.”

आजोबा म्हणजे माझे बाबा. हा मेसेज दरवर्षी नोव्हेंबरात येतो आणि मी तो दरवर्षी न बोलता पुढे सरकवत आले. आता तो चौदा वर्षांच्या पोरीच्या तोंडून व्यासपीठावर जाणार असेल, तर गप्प बसणार नाही.

सुरुवात ‘फिरोज खान’पासूनच करते, कारण सगळ्यात घाण तिथेच आहे.

फिरोज जहांगीर गांधी यांचा जन्म १२ सप्टेंबर १९१२ रोजी मुंबईत, पारशी कुटुंबात झाला. कुटुंब मूळचं भरूचचं. वडील जहांगीर फरेदून जहाजांवरचे इंजिनीयर, आई रतिमाई. ‘गांधी’ हे आडनाव पारशांत आणि गुजरात्यांत पूर्वापार आहे. हो, इंग्रजी स्पेलिंग आधी वेगळं होतं आणि स्वातंत्र्याच्या चळवळीत पडल्यावर फिरोज ते महात्माजींसारखं लिहायला लागले, असं सांगतात. या मेसेजमध्ये खऱ्याचा अंश असेल तर तो एवढाच. गांधीजींच्या प्रतिज्ञापत्राची प्रत मात्र हा मेसेज फिरवणाऱ्यांपैकी कुणीही कधी दाखवलेली नाही.

दाखवण्यासारखा कागद आमच्या बाजूला आहे. ८ मार्च १९४२च्या ‘हरिजन’ साप्ताहिकात गांधीजींनी इंदिरा-फिरोज यांच्या ठरलेल्या लग्नावर लिहिलं. या लग्नावरून त्यांना संतापाची पत्रं येत होती. त्यांनी लिहिलं, की या लोकांच्या लेखी फिरोज यांचा गुन्हा एकच, ते पारशी आहेत. फिरोज नेहरूंच्या घरात वर्षानुवर्षं वावरलेले आहेत आणि कमला नेहरूंच्या आजारपणात त्यांनी शुश्रूषा केली आहे, हेही लिहिलं. लग्न अलाहाबादला झालं २६ मार्चला, म्हणजे त्यानंतर अठरा दिवसांनी. ज्यांना काही लपवायचं असतं, ते लग्नाआधी छापून सांगतात का? आणि तेव्हा शिव्या घालणाऱ्यांचीसुद्धा तक्रार ‘पारशी’ अशीच होती. ‘खान’ त्यांना ठाऊकच नव्हता.

अलाहाबादच्या दफनभूमीतल्या फिरोज यांच्या कबरीचा फोटोही ते मुसलमान असल्याचा पुरावा म्हणून फिरतो. ती पारशी दफनभूमी आहे. ८ सप्टेंबर १९६० रोजी ते गेले, दिल्लीत दहन झालं आणि अस्थी तिथे ठेवल्या.

आता बाबांना थेट विचारते. समजा, ते मुसलमान असते, तर काय झालं असतं? १९३० मध्ये तुरुंगात गेलेला माणूस, रायबरेलीतून १९५२ आणि १९५७ अशी दोनदा लोकसभेवर निवडून आलेला माणूस एका आडनावाने कमी झाला असता? एखाद्याचा धर्म शिवीसारखा वापरायचा आणि त्याला इतिहास म्हणायचं, हे तुम्ही आम्हाला शिकवलं नव्हतं. नातीला तरी का शिकवता?

मेसेजमधली जवाहरलाल नेहरूंच्या आजोबांची गोष्ट याच जातीची. म्हणे गंगाधर नेहरू म्हणजे दिल्लीचे मुघल कोतवाल गियासुद्दीन गाझी, १८५७ मध्ये इंग्रजांच्या भीतीने हिंदू नाव घेतलेले. गंगाधर दिल्लीचे कोतवाल होते हे खरं, आणि ते नेहरूंनी स्वतःच लिहून ठेवलंय. पुढचं सगळं रचलेलं. उठावानंतर कुटुंब आग्र्याला गेलं, तिथे १८६१ मध्ये गंगाधर वारले आणि काही महिन्यांनी, ६ मे रोजी, मोतीलाल जन्मले. मोतीलालांची सोयरीक काश्मिरी पंडितांत झाली, जवाहरलालांचीही. हा समाज छोटा, एकमेकांना कुळासकट ओळखणारा. मोतीलाल विलायतेहून परतले आणि त्यांनी प्रायश्चित्त नाकारलं, तेव्हा कर्मठांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. समुद्र ओलांडला म्हणून वाळीत टाकणाऱ्यांना बापाचं खरं नाव कळलं नसतं?

‘पंधरापैकी बारा समित्यांनी पटेलांना पंतप्रधान केलं होतं’ या मेसेजमधल्या दाव्यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. १९४६ मध्ये बहुतेक प्रांतिक समित्यांनी पटेलांचं नाव सुचवलं होतं, पण काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी. मात्र जो अध्यक्ष होईल तोच हंगामी सरकारचा प्रमुख होणार, याची सगळ्यांना कल्पना होती. गांधीजींना नेहरू हवे होते आणि पटेलांनी माघार घेतली. पटेलांवर अन्याय झाला असं कुणाला वाटत असेल तर मी भांडणार नाही. पण निर्णय गांधीजींचा होता, यात घराणं कुठून आलं? त्यानंतर १९५१-५२च्या निवडणुकीत लोकांनी काँग्रेसला ४८९पैकी ३६४ जागा दिल्या.

‘पहिल्या दिवसापासून घरच्यांचं सरकार’ हेही खोटं. १५ ऑगस्ट १९४७च्या चौदा जणांच्या मंत्रिमंडळात आंबेडकर होते, श्यामाप्रसाद मुखर्जी होते, षण्मुखम चेट्टी होते, आपले काकासाहेब गाडगीळ होते. नेहरूंच्या घरचं दुसरं कुणी नव्हतं. त्यांच्या भगिनी विजयालक्ष्मी पंडित मॉस्को आणि वॉशिंग्टनला राजदूत झाल्या, नात्यातले आर. के. नेहरू परराष्ट्र सचिव झाले, हे डोळ्यांआड करत नाही.

घराणेशाहीवर बोलायचंच आहे ना, मग खऱ्या जागी बोट ठेवा. १९२९ मध्ये लाहोरला काँग्रेसचं अध्यक्षपद मोतीलालांकडून थेट जवाहरलालांकडे आलं, त्यावर बोला. फेब्रुवारी १९५९ मध्ये वडील पंतप्रधान असताना इंदिरा गांधी पक्षाध्यक्ष झाल्या आणि त्याच वर्षी ३१ जुलैला केरळमधलं नंबुद्रिपादांचं निवडून आलेलं कम्युनिस्ट सरकार बरखास्त झालं, त्यावर बोला. या बरखास्तीला त्यांच्याच घरातून विरोध करणारा माणूस म्हणजे फिरोज गांधी.

या माणसाने १६ डिसेंबर १९५७ रोजी लोकसभेत उभं राहून सासऱ्यांच्या सरकारला जाब विचारला, की आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंध्राच्या सहा कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रुपये का घातले. न्यायमूर्ती छागलांनी केलेली चौकशी मुंबईत खुलेपणाने, लोकांसमोर झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना जावं लागलं. संसदेत जे बोललं गेलं ते वर्तमानपत्रांना बिनधास्त छापता यावं, म्हणून १९५६ मध्ये कायदा झाला. ते खाजगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेलं, फिरोज यांचं. आणीबाणीत हाच कायदा त्यांच्या पत्नीच्या सरकारने रद्द केला आणि १९७७ मध्ये जनता सरकारने तो परत आणला. यावर टीका करा, मी तुमच्या बाजूने बोलेन. पण ‘खान’च्या गोंगाटात हे कुणाच्या कानावरच पडत नाही.

भाचीने तो परिच्छेद खोडलाय. त्या जागी आता १६ डिसेंबरचं भाषण आहे. काल तिने ते आजोबांना वाचून दाखवलं. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं आणि छागलांबद्दल दोन प्रश्न विचारले. मेसेज अजून ग्रुपवर आहे. बाबा, तो आज काढा.