श्नाबेलचे चुकलेले सूर

बीथोवेनच्या पियानो सोनाटांचा (एकट्या पियानोसाठी लिहिलेल्या, बहुधा अनेक भागांच्या रचना) विषय निघाला की मी पियानोवादक आर्तुर श्नाबेलचं नाव घेतो, आणि समोरून हमखास एकच उत्तर येतं, "पण तो किती चुकतो!" चुकतो, कबूल. तरीही बत्तीसच्या बत्तीस सोनाटा एकाच माणसाकडून ऐकायच्या असतील तर मी आजही श्नाबेलच लावतो. का, ते जरा सविस्तर लिहितो.

आधी ही रेकॉर्डिंग्ज कशी झाली ते बघा. १९३२ ते १९३५, लंडनचा अ‍ॅबी रोड स्टुडिओ, कंपनी एचएमव्ही. सगळ्या सोनाटा एकाच वादकाने रेकॉर्ड करण्याची ही जगातली पहिलीच वेळ. आधी वर्गणीदार जमवायचे आणि त्यांच्या जिवावर तबकड्या काढायच्या, अशी योजना होती. श्नाबेलला मुळात रेकॉर्डिंगचंच वावडं. वाजवलेलं त्या क्षणाचं असतं, ते कायमचं गोठवून ठेवायचं कशाला, असं त्याचं मत. तोवर तो पन्नाशीला टेकला होता. त्याला राजी केलं एचएमव्हीच्या फ्रेड गाइसबर्गने. हो, तोच गाइसबर्ग, जो १९०२ मध्ये कलकत्त्याला येऊन गौहरजानचं गाणं रेकॉर्ड करून गेला होता.

तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार-साडेचार मिनिटं मावायची. वाजवलेलं थेट मेणाच्या चकतीवर कोरलं जायचं. नंतर कापणं-जोडणं काही नाही. एक सूर निसटला तर अख्खी बाजू पुन्हा. कसं झालंय ते बघायला त्या मेणावर सुई फिरवावी, तर ते मेणच खराब व्हायचं. आज शंभर तुकडे जोडून केलेली निर्दोष रेकॉर्डिंग्ज ऐकून आपले कान असे सोकावलेत की एक सूर हुकला की आपण बाकीचं ऐकणंच सोडून देतो.

ज्या सोनाटावरून त्याला सर्वांत जास्त बोल लावतात, ती 'हॅमरक्लाव्हिअर', ऑपस (म्हणजे रचनेचा क्रमांक) १०६. बीथोवेनने मेट्रोनोमची (लय मोजणाऱ्या यंत्राची) गती स्वतः लिहून दिलेली ही एकमेव पियानो सोनाटा. पहिल्या भागाची ती गती अफाट आहे. बहुतेक वादक सोयीस्करपणे तिच्याकडे काणाडोळा करतात. श्नाबेल बीथोवेनचा शब्द खरा मानतो आणि सुटतो. काही ठिकाणी सूर एकमेकांत मिसळतात, काही सरळ गळतात. पण त्या संगीतातली तडफ, ते कुणालाही न जुमानणं, मला इतकं लख्ख दुसऱ्या कुणाकडे ऐकू आलेलं नाही. सावकाश, जपून वाजवलं की हा भाग भारदस्त होतो, पण त्यातला धोका निघून जातो. आणि तो धोका बीथोवेननेच त्यात घातलेला आहे.

बोटांत ताकद नव्हती म्हणणाऱ्यांनी त्याच सोनाटाचा तिसरा भाग ऐकावा. अतिशय संथ, जवळजवळ अठरा मिनिटांचा. म्हणजे तो तबकडीच्या कितीतरी बाजूंवर तुकड्यातुकड्यांनी वाजवलेला आहे. दर चार मिनिटांनी थांबायचं, नवं मेण लागेपर्यंत वाट बघायची आणि पुन्हा त्याच लयीत, त्याच वजनाने पुढचा सूर उचलायचा. सलग ऐकताना सांधा कुठे सापडत नाही. एवढा ठहराव मनात धरून ठेवणं मला कोणत्याही अचूकपणापेक्षा अवघड वाटतं.

अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना जुन्या रेकॉर्डिंगमधल्या खरखरीची भीती नसावी. त्यांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या झिंझोटीत आपण कधी खरखर मोजत बसलो नाही.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. हे काम सुरू झालं तेव्हा श्नाबेलचं घर बर्लिनमध्ये होतं. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि ज्यू असलेल्या श्नाबेलने जर्मनी सोडली, ती कायमची. म्हणजे जर्मन संगीताचा हा सगळ्यात मोठा ठेवा पुरा झाला तो जर्मनीत जागा न उरलेल्या माणसाच्या हातून. त्याची म्हातारी आई व्हिएन्नातच राहिली. पुढे नाझींनी तिला टेरेझिनच्या छावणीत नेलं आणि तिथेच ती गेली. युद्ध संपल्यावरही श्नाबेल जर्मनीत वाजवायला गेला नाही. १९५१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्याचं निधन झालं.

ऐकायला सुरुवात करणार असाल तर 'हॅमरक्लाव्हिअर' नको. ऑपस १११ चा दुसरा भाग लावा. सुरुवातीची चाल इतकी साधी की शिकाऊ मुलालाही वाजवता येईल, आणि श्नाबेल तिला कसलाही साज चढवत नाही. पुढे तिसऱ्या व्हेरिएशनमध्ये (त्याच चालीच्या बदललेल्या रूपात) लय एकदम उसळते, आणि शेवटी वरच्या सप्तकात ट्रिल (दोन शेजारच्या सुरांची भरभर आलटापालट) चालू असताना तीच चाल परत येते. मग ऑपस १० मधल्या तिसऱ्या सोनाटाचा संथ भाग ऐका.

फक्त एक करा, खरखर पूर्ण पुसून 'स्वच्छ' केलेली आवृत्ती घेऊ नका. खरखरीबरोबर पियानोची आसही पुसली जाते आणि सूर लाकडी वाटतात. नॅक्सॉस कंपनीची, मार्क ओबर्ट-थॉर्नने जुन्या तबकड्यांवरून तयार केलेली आवृत्ती मला आवडते: खरखर आहे, पण पियानो जिवंत आहे. कुणाकडे मूळ एचएमव्हीच्या तबकड्या असतील तर कृपया कळवा, ऐकायला मी कुठेही येईन.