‘एक्सपोर्ट यशस्वी’ म्हणे!

नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमधून नकाशाचा एखादा थर, म्हणजे लेयर, दुसऱ्याला द्यायला फाइल करून बाहेर काढला की हिरवी पट्टी येते. ‘लेयर यशस्वीरीत्या एक्सपोर्ट झाला.’ ही पट्टी ज्याने लिहिली त्याला एकदा समोर बसवून विचारायचंय, बाबा रे, यशस्वी म्हणजे तुझ्या मते झालं तरी काय? डिस्कवर फाइल पडली, एवढंच ना? आत काय उरलंय ते कोणी बघायचं?

सॉफ्टवेअरचं नाव घेत नाही. फुकटचं वापरा नाहीतर लायसन्सला पैसे मोजून घ्या, स्क्रीनवर जे दिसतं ते जसंच्या तसं बाहेर पडेल याची हमी कुणीच देत नाही.

आमचं काम विहिरींचं. गावोगावच्या विहिरी, पाण्याची पातळी, वापर, शेरे, सगळं मराठीत, कारण ते गावातल्या लोकांना वाचता यायला हवं. आणि निविदेत मागणी कसली? शेपफाइलची! नकाशाचा डेटा ठेवायचा 1990 च्या दशकातला फॉरमॅट, त्यातही माहितीचा तक्ता ठेवायला त्याहून जुना डीबेस हा फॉरमॅट. कॉलमच्या नावाला 10 बाइट. इंग्रजीवाल्यांना दहा अक्षरं मिळतात. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) 3 बाइट खातं, आणि काना-उकार वेगळे मोजले जातात. म्हणजे आपल्या वाट्याला तीन चिन्हं. ‘तालुका’ लिहा, फार तर ‘ताल’ उरतो. बरं, कॉलमची नावं इंग्रजीत करावीत, तर ‘वॉटर लेव्हल प्री-मान्सून’ आणि ‘वॉटर लेव्हल पोस्ट-मान्सून’ यांची पहिली दहा अक्षरं सारखीच! मग एकाला तसंच ठेवायचं आणि दुसऱ्याच्या शेपटाला आकडा चिकटवायचा. कुठला पावसाळ्याआधीचा आणि कुठला नंतरचा, ते घेणाऱ्याने ओळखायचं.

शेऱ्यांचे हाल तर विचारू नका. मजकुराच्या रकान्यात जास्तीत जास्त 254 बाइट, म्हणजे देवनागरीत जेमतेम 84 चिन्हं. पुढचं कापलं जातं. आणि आपल्या भाषेत नकार येतो वाक्याच्या शेवटी! ‘…पाणी पिण्यायोग्य नाही’ यातलं ‘नाही’ कापलं गेलं की राहिलं काय? पाणी पिण्यायोग्य. पट्टी हिरवीच.

याहून भयंकर प्रकार रिकाम्या नोंदींचा. विहिरीला कुलूप होतं, मोजमाप झालं नाही, म्हणून रकाना रिकामा ठेवला. डीबेसला ‘नोंद नाही’ ही गोष्ट धड कळतच नाही, त्यामुळे काही सॉफ्टवेअर त्या रिकाम्या जागी बिनदिक्कत 0 भरून मोकळी होतात. पाण्याची पातळी आपण मोजतो जमिनीपासून किती मीटर खाली, अशी. मग 0 मीटर म्हणजे काय? विहीर काठोकाठ! माण तालुक्यात, मे महिन्यात, विहीर काठोकाठ! असला नकाशा बैठकीत पडद्यावर लागला की लोक हसतात, आणि हसतात ते आमच्याकडे बघून. त्यावरून कोणी टँकरचा हिशेब मांडला तर? अरे, रिकामं ते रिकामं ठेवता येत नसेल तर थांब ना! लाल पट्टी दाखव, शिव्या दे, पण मनाने आकडे भरू नकोस!

सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकुराची फाइल, काढावी म्हटलं, तर ती एक्सेलमध्ये नुसती दोनदा क्लिक करून उघडली की मराठीच्या जागी टोप्या घातलेली परकी अक्षरं, आणि जनगणनेच्या कोड क्रमांकाच्या सुरुवातीचं शून्य गायब. त्या शून्याविना जनगणनेच्या तक्त्याशी जोडणी होत नाही. आणि विदर्भातल्या मंडळींना विचारा यूटीएमचं, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे (झोन) पाडून सपाट नकाशा काढायच्या पद्धतीचं. 78 अंश रेखांशाला झोन बदलतो. अमरावती 43 मध्ये, नागपूर 44 मध्ये. अख्ख्या राज्याचा लेयर एकाच झोनमध्ये काढून दिला की पूर्वेकडचं क्षेत्रफळ थोडं फुगतं, आणि मग हेक्टरांवरून आमच्याशी हुज्जत.

हे झालं डेटाचं. लेआउट, म्हणजे छापायच्या नकाशाची मांडणी, हा वेगळाच छळ आहे. स्क्रीनवर नकाशा कसा देखणा! डोंगरउताराच्या सावल्या, त्यावर अर्धपारदर्शक पाणलोट, गावांची नावं ठसठशीत. पीडीएफ काढा. एका लेयरला खालच्या लेयरशी मिश्रणाचा इफेक्ट दिला म्हणून अख्ख्या नकाशाचं पिक्सेलचं चित्र करून टाकतात. रेषा पुसट, अक्षरं धुरकट. सगळं व्हेक्टरच (रेषा रेषा म्हणून, अक्षरं अक्षरं म्हणून) ठेवा असा पर्याय निवडला, तर इफेक्ट उडतो आणि पाणलोटाखाली सावल्या दिसेनाशा होतात. दोन्ही एकत्र हवं असेल तर? बसा रडत.

मजकूर मजकूर म्हणून पाठवला तर डिझाइनवाल्याच्या मशीनवर वेलांट्या अक्षराला सोडून पळतात. आकृत्या करून पाठवला तर त्याला एक शब्द दुरुस्त करता येत नाही, शोधता तर मुळीच येत नाही. भिंतीवर लावायला ए-झिरो आकाराचा मोठा कागद हवा असतो, 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके). म्हणजे सुमारे 14 कोटी पिक्सेल. प्रत्येकी 4 बाइट धरले तरी साडेपाचशे एमबीहून जास्त मेमरी नुसत्या त्या एका चित्राला. दहा मिनिटं चक्र फिरतं आणि मग मेमरी संपली म्हणून सांगतात. हे आधी गुणाकार करून सांगता येत नव्हतं?

बेसमॅपची, म्हणजे सगळ्याखाली अंथरलेल्या, इंटरनेटवरून येणाऱ्या तयार नकाशाची, तर कमालच. स्क्रीनवर 96 डीपीआयला रस्त्यांची, गावांची नावं नीट वाचता येतात. 300 ला एक्सपोर्ट केलं की सॉफ्टवेअर जास्त झूमच्या टाइल्स (त्या नकाशाचे चौकोनी तुकडे) आणून तेवढ्याच जागेत कोंबतं, आणि नावं एक-तृतीयांश होऊन बसतात. भिंग घेऊन वाचा. एखादी टाइल वेळेत आली नाही तर तिथे पांढरा चौकोन. मोठे नकाशे छापणारा प्लॉटरवाला त्या चौकोनासकट छापतो आणि पैसे पूर्ण घेतो. त्याचं तरी काय चुकलं म्हणा!

कोणी शहाणा आता म्हणेलच, शेपफाइलऐवजी जिओपॅकेज हा नवा फॉरमॅट वापरा की. माहितीये हो! 2014 पासून आहे ते. एकच फाइल, कॉलमला लांब नावं, मराठी सुखरूप, रिकामं ते रिकामंच. मी पाठवलंही होतं. उत्तर आलं, ‘फाइल उघडत नाही, कृपया शेपफाइल द्यावी.’ शेपफाइल दिली. ती एक नसते, निदान तीन फाइलींचा जथा असतो. प्रोजेक्शन (नकाशा सपाट कसा केला) आणि एन्कोडिंगची (अक्षरं कशी साठवली) धरून पाच. साहेबांनी झिपमधून फक्त डॉट एसएचपी (यात नुसते आकार असतात) काढून पुढे धाडली आणि मला फोन, की तक्ता कुठाय?

निविदेतलं शेपफाइल मागणारं ते एक वाक्य बदला म्हणून मी विनवलं. तर त्यासाठी शुद्धिपत्रक काढावं लागतं म्हणे, आणि ते काढायचं कोणी यावर अजून फाइल फिरतेय.