शिपायाचा बिल्ला, अधिकाऱ्याची छाती

१ ऑगस्ट २०२३ पासून भारतीय लष्करात ब्रिगेडियर आणि त्यावरच्या हुद्द्यांचा गणवेश एकसारखा झाला. टोपी, खांद्यावरची चिन्हं, कॉलरवरच्या पट्ट्या, बेल्ट, बूट सगळ्यांचे सारखे, लॅनयार्ड म्हणजे खांद्यावरची रेजिमेंटच्या रंगाची दोरी बंद. रेजिमेंटची ओळख पुसली म्हणून पुष्कळ हळहळ झाली. मराठा लाइट इन्फंट्रीत उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाला ते लागणारच. पण या चर्चेत दोन निराळ्या गोष्टी एका पोत्यात भरल्या जातात: आपण कुठल्या घरचे, म्हणजे कुठल्या रेजिमेंटचे, हे सांगणारं कापड आणि आपल्याला काय येतं हे सांगणारा बिल्ला. शिपाई पुढे अधिकारी झाला तर त्याचा हा बिल्ला छातीवर राहावा का, हा खरा प्रश्न.

अमेरिकी आर्मीत हा फरक नियमातच आहे. १९४३ साली सुरू झालेला, पायदळातलं कसब दाखवणारा एक्स्पर्ट इन्फंट्रीमन बॅज घ्या. निळ्या आडव्या पट्टीवर रुपेरी बंदूक. त्यासाठी दिवसा नि रात्री नकाशा-होकायंत्रावर ठिकाणं शोधायची, शस्त्रं, प्रथमोपचार आणि गस्तीची कामं ठरल्या क्रमाने करून दाखवायची, पाठीवर साधारण १६ किलो घेऊन १२ मैल तीन तासांच्या आत चालायचे. शिपायाला आणि लेफ्टनंटला परीक्षा एकच. मग शिपाई असताना मिळवलेला बिल्ला कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळाल्यावर उतरवायचा कशाला? पॅराशूटच्या बॅजचंही तेच. सीनियर बॅजला ३० उड्या, मास्टरला ६५. शिपाई म्हणून मारलेल्या उड्याही त्यात धरल्या जातात.

रंगरुटांना घडवणाऱ्या ड्रिल सार्जंटचा बॅज हे त्याहून बोलकं उदाहरण. हे काम अधिकाऱ्याचं नव्हेच, तरी शिपाईगिरीत कायमचा मिळालेला बॅज अधिकारी झाल्यावर लावता येतो. उजव्या खिशावर तो दिसला की साहेब कुठून आलेत हे रंगरुटाला कुणी सांगावं लागत नाही.

याला अपवादही आहेत, आणि ते मला पूर्ण पटत नाहीत. दर तीन वर्षांच्या सेवेमागे डाव्या बाहीवर येणारी तिरकी पट्टी फक्त शिपाई-सार्जंटांची. कमिशन मिळालं की ती जाते. गुड कंडक्ट मेडल मात्र राहतं. सेवा तीच, वर्षं तीच, मग एक राहावं आणि एक जावं?

घोळ होतो तो कागदात. कमिशन घेताना शिपाई म्हणून रीतसर डिस्चार्ज होतो. बॅजचा लेखी आदेश किंवा उड्यांची नोंदवही त्या वेळी नव्या फायलीत गेली नाही, तर पुढे सीनियर बॅजच्या वेळी जुन्या उड्या सिद्ध करत बसावं लागतं. प्रती स्वतःजवळ ठेवाव्यात, युनिटच्या कपाटावर विसंबू नये.

आपल्याकडे किमान दोन वर्षं सेवा झालेला जवान आर्मी कॅडेट कॉलेजमध्ये जातो. तीन वर्षं तिथे, मग एक वर्ष आयएमए म्हणजे इंडियन मिलिटरी अकॅडमी, आणि तो अधिकारी होतो. त्यातल्या एखाद्याने आग्र्याला पॅराशूटच्या पाच उड्या मारून पंख, म्हणजे पॅराशूटचा बिल्ला, आधीच मिळवलेले असतात. पण आपली गाजलेली चर्चा झाली ती जून २०१९ मध्ये, क्रिकेटपटू धोनीच्या ग्लोव्हजवरच्या बलिदान बॅजच्या चिन्हावरून. तिथेही पॅरा स्पेशल फोर्सेसचा बलिदान बॅज आणि धोनीने २०१५ साली खरोखर उड्या मारून मिळवलेले पंख यांची सरमिसळ झाली.

ब्रिगेडियरच्या खांद्यावरून लॅनयार्ड उतरला, ठीक. अनेक रेजिमेंटांच्या माणसांना हुकूम देणाऱ्याने एका घरची खूण मिरवू नये. त्याच्या पंखांना मात्र कुणी हात लावू नये, मग ते शिपाई असताना मिळालेले असोत की कॅप्टन असताना.