‘कोणताही स्मार्ट प्लग दहा मिनिटांत मोकळा करा’: एका ढकलपत्राला उत्तर

माझ्या घरातली अकरा वाय-फाय उपकरणं टास्मोटा किंवा ईएसपीहोमवर चालतात. म्हणजे कंपनीचं फर्मवेअर (उपकरणाच्या चिपमधला मूळ प्रोग्राम) पुसून असं मुक्त-स्रोत फर्मवेअर टाकणाऱ्यांना नावं ठेवायला मी बसलेलो नाही, मी त्यांच्यातलाच. पण गेल्या काही महिन्यांत एकच मजकूर इतक्या जणांनी पुढे ढकलला की आता उत्तर द्यायलाच हवं.

मजकूर थोडक्यात असा: कुठलाही स्वस्त वाय-फाय प्लग (फोनवरून चालू-बंद होणारा) घ्या, न उघडता दहा मिनिटांत फर्मवेअर बदला. उघडावाच लागला तर तो सॉकेटमध्ये ठेवूनच संगणकाकडून येणाऱ्या चार वायरी जोडा, वेगळा वीजपुरवठा लागत नाही. मग घराबाहेर एक बाइटही जात नाही, हॅकरची भीती संपते, विजेचं मोजमाप कंपनीपेक्षा अचूक मिळतं, आणि कंपनी बुडाली तरी प्लग कायम चालतो.

यातलं शेवटचं बरंचसं खरं आहे. मधलं एक मात्र जीव घेऊ शकतं, म्हणून क्रम मोडून तिथूनच सुरुवात करतो.

‘प्लग सॉकेटमध्ये ठेवूनच वायरी जोडा’

कधीही नाही. मोबाइलच्या चार्जरमध्ये मेन्स आणि बाहेर येणारी वायर यांच्यात ट्रान्सफॉर्मरची भिंत असते. स्मार्ट प्लगमध्ये सहसा ती नसते. सगळं प्लॅस्टिकच्या डबीत बंद राहणार, आत कोणाचा हात जाणार नाही, हे धरून जागा आणि खर्च वाचवलेला असतो. त्यामुळे बोर्डावर ‘जीएनडी’ लिहिलेली जी टिकली दिसते ती नावालाच ग्राउंड. प्लग सॉकेटमध्ये असेल तर ती थेट फेजच्या पातळीवर असू शकते. त्या टिकलीला लावलेली वायर यूएसबी अडॅप्टरमधून लॅपटॉपपर्यंत जाते. लॅपटॉपला अर्थिंग मिळालेलं असेल तर धडाका होऊन दोन्ही बोर्ड जातील. मिळालेलं नसेल तर त्याचं धातूचं अंग जिवंत होईल, आणि त्यावर तुमचं मनगट टेकलेलं असेल.

खरी पद्धत कंटाळवाणी आहे. प्लग भिंतीपासून लांब, टेबलावर उघडा. 3.3 व्होल्ट, ग्राउंड, आरएक्स (माहिती घेणारी), टीएक्स (माहिती पाठवणारी) अशा चार टिकल्यांना बारीक वायरी डाग देऊन जोडायच्या, आरएक्सला टीएक्स आणि टीएक्सला आरएक्स अशा उलट. जीपीआयओ-शून्य नावाचा पाय ग्राउंडला टेकवून धरायचा आणि मग यूएसबी लावायची. हा पाय वीज मिळते त्याच क्षणी खाली असेल तरच चिप नवं फर्मवेअर घ्यायला तयार होते. नंतर टेकवून उपयोग नाही. बरेच जण इथेच अर्धा तास घालवतात.

दुसरी गोची वीजपुरवठ्याची. अशा प्लगमधली ईएसपी8266 ही वाय-फाय चिप 3.3 व्होल्टची आहे आणि कित्येक अडॅप्टरवर 3.3 की 5 हे एका इवल्याशा जंपरवर ठरतं. तो चुकीच्या बाजूला राहिला तर चिप मेली असं समजा. शिवाय व्होल्ट बरोबर असले तरी करंट पुरेल असं नाही. एफटी232आर या लोकप्रिय यूएसबी चिपचा स्वतःचा 3.3 व्होल्टचा पाय जेमतेम 50 मिलिअँपिअर देतो, आणि ईएसपी8266 ला वाय-फायवर प्रक्षेपण करताना त्याच्या तिपटीहून जास्त लागतात. मग फ्लॅशिंग (फर्मवेअर भरणं) मध्येच अडकतं, चिप दर दोन सेकंदांनी नव्याने उठते आणि माणूस म्हणतो, ‘प्लग ब्रिक झाला,’ म्हणजे कायमचा मेला. झालेला नसतो, उपाशी असतो.

वायरी जोडल्याच आहेत तर आधी मूळ फर्मवेअरची प्रत काढून ठेवा. एक एमबीची फ्लॅश (चिपची कायमची मेमरी) 115200 बिट प्रति सेकंद या वेगाने वाचायला दीडेक मिनिट लागतं. परत जायची वाट त्या एका फाइलमध्ये असते, आणि ढकलपत्रात तिचा उल्लेखही नाही.

‘कोणताही प्लग, न उघडता’

हे एकेकाळी बरंचसं खरं होतं. डिसेंबर 2018 मध्ये लाइपझिगच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेस या हॅकरांच्या परिषदेत सुरक्षा-संशोधक मायकेल स्टाइगरवाल्ड यांनी दाखवलं, की असंख्य ब्रँडच्या आत बसलेलं तुया या कंपनीचं फर्मवेअर अपडेट घेताना तो खरंच कंपनीकडून आला की नाही हे नीट तपासत नाही. त्यातून तुया-कन्व्हर्ट हे साधन आलं. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक खोटा राउटर आणि खोटा सर्व्हर व्हायचा आणि प्लग बिनतक्रार टास्मोटा उतरवून घ्यायचा. स्क्रूड्रायव्हर नाही, डाग नाही. ‘दहा मिनिटं’ हा आकडा बहुधा तेव्हाचाच.

पण ती सोय म्हणजे सुरक्षेतलं भोक होतं. तुयाने ते बुजवलं. आपल्याला वाईट वाटलं तरी बाकीच्या ग्राहकांसाठी ते योग्यच झालं. पुढे त्याहून मोठा बदल झाला: अनेक प्लगच्या आतली चिपच बदलली. ईएसपी8266 च्या जागी बेकेनची बीके7231 किंवा रिअलटेकची चिप बसू लागली. टास्मोटा या चिपांवर चालत नाही. त्यांच्यासाठी ओपनबेकन आणि लिब्रेटायनी हे वेगळे प्रकल्प आहेत. क्लाउडकटर नावाचं न उघडता चालणारं साधनही 2022 मध्ये आलं, पण तेही फर्मवेअरमधल्या उणिवेवरच उभं आहे, म्हणजे नव्या आवृत्त्यांवर ते चालेलच असं नाही.

खोका बघून यातलं काही कळत नाही. मी एकाच मॉडेलचे चार प्लग एका वेळी घेतले होते. तीन उघडले तर आत टीवायडब्ल्यूई2एस मॉड्यूल, म्हणजे ईएसपी8266 च्याच घराण्यातली चिप (ईएसपी8285). संध्याकाळभरात तिघांवर टास्मोटा बसलं. चौथा उघडला तर त्याच जागी, त्याच आकाराचं, पायांची ठेवणही तीच असलेलं सीबी2एस. आत बेकेन. खोका तोच, मॉडेल क्रमांक तोच. कंपनीने काही लपवलं असं मी म्हणणार नाही. तिने प्लग विकला होता, आतली चिप नव्हे.

तेव्हा ‘कोणताही प्लग घ्या’ हा सल्ला सरळ चुकीचा. ज्याला हे करायचंच आहे त्याने टास्मोटा किंवा ईएसपीहोम आधीच भरलेली उपकरणं घ्यावीत. ॲथॉमसारख्या कंपन्या तशी विकतात. शेली या कंपनीच्या उपकरणांत तर मूळ फर्मवेअरच घरच्या नेटवर्कवर थेट बोलतं, क्लाउड बंद करता येतं. तिथे फर्मवेअर बदलायची खरंच गरज आहे का, हा प्रश्न स्वतःला विचारावा. मी विचारला आणि दोन शेली तशाच ठेवल्या.

‘एक बाइटही बाहेर नाही, हॅकरची भीती नाही’

ही दोन वेगळी विधानं एका दमात म्हटली आहेत. पहिलं जवळजवळ खरं. टास्मोटा कोणत्याही कंपनीच्या सर्व्हरला तुमची माहिती देत नाही. एक बारीक अपवाद: घड्याळ लावण्यासाठी ते इंटरनेटवरच्या एनटीपी सर्व्हरला वेळ विचारतं. त्यात गुपित काही नाही, आणि पत्ता बदलून स्वतःच्या राउटरचा देता येतो.

दुसरं विधान मात्र घसरतं. टास्मोटाचं वेब पान सुरुवातीला पासवर्डशिवाय उघडतं. घरच्या वाय-फायवर असलेला कोणीही, पाहुण्याचा फोन असो की व्हायरस लागलेला जुना लॅपटॉप, ब्राउझरमध्ये प्लगचा पत्ता टाकून रिले (आतला विजेचा स्विच) चालू-बंद करू शकतो. वेबपासवर्ड लावता येतो, लावाच. तरी ईएसपी8266 वर ते पान साध्या एचटीटीपीवरच चालतं, पासवर्ड नेटवर्कवरून उघडा जातो. ईएसपीहोममध्ये होम असिस्टंटशी (घरातली उपकरणं एकत्र चालवणाऱ्या प्रोग्रामशी) होणाऱ्या संवादाला एन्क्रिप्शनची किल्ली देता येते, हा त्याचा मोठा फायदा. पण तीही कॉन्फिगरेशनमध्ये लिहिलेली असेल तरच.

राउटरवर पोर्ट उघडून टास्मोटाचं पान थेट इंटरनेटवर ठेवणारे लोक मी पाहिलेत. ‘ओपन-सोर्स आहे ना, सुरक्षित असतं.’ हे आगीतून फुफाट्यात. 2016 मध्ये मिराई बॉटनेटने (हॅक केलेल्या उपकरणांच्या फौजेने) लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते काही अचाट युक्तीने नव्हे, फॅक्टरीतून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून. ती उपकरणं लिनक्सवाली होती, आपल्या प्लगला तीच लागण होणार नाही. पण ढिलाई तीच.

शिवाय वाय-फायचा पासवर्ड प्लगच्या फ्लॅशमध्ये असतो, आणि ईएसपी8266 ची फ्लॅश एन्क्रिप्ट होत नाही. प्लग हातात आला की मघाच्याच चार वायरींनी तो वाचता येतो. कंपनीचं फर्मवेअर याबाबत आपोआप वरचढ असतं असंही नाही. 2019 मध्ये एका संशोधकाने लिफएक्सचा बल्ब उघडला, तेव्हा आत वाय-फायचा पासवर्ड साध्या मजकुरात सापडला होता. जुना प्लग कोणाला देताना किंवा टाकताना फ्लॅश पूर्ण पुसा, एवढं दोन्हीकडे लागू.

‘मोजमाप अधिक अचूक’

उलट. वीज मोजणारी चिप (एचएलडब्ल्यू8012, बीएल0937 वगैरे) फक्त स्पंद देते. एका स्पंदाला किती वॅट धरायचे ते गुणक फॅक्टरीत ठरून मूळ फर्मवेअरसोबत साठवलेले असतात, आणि तुम्ही ते पुसता. नव्या फर्मवेअरमध्ये ढोबळ आकडे असतात. कॅलिब्रेट करायला साधा तारेचा 60 वॅटचा बल्ब लावून टास्मोटाला खरे व्होल्ट आणि वॅट सांगावे लागतात. एलईडी बल्बवर हे करू नका, त्याचा पॉवर फॅक्टर घोटाळा करतो.

‘कंपनी बुडाली तरी कायम’

याच कारणासाठी मी या वाटेला लागलो, तेव्हा इथे भांडण कमी. मे 2016 मध्ये नेस्टने रिव्हॉल्व्ह या स्मार्ट-होम कंपनीचे हब बंद केले, विकत घेतलेली यंत्रं शोभेची झाली. एप्रिल 2022 मध्ये इन्स्टिऑन या स्मार्ट-होम कंपनीचे सर्व्हर न सांगता-सवरता गप्प झाले. बेल्किनने आपल्या वेमो या स्मार्ट-होम ब्रँडच्या बहुतेक उपकरणांचा क्लाउड 31 जानेवारी 2026 ही तारीख देऊन बंद करायचं ठरवलं. टास्मोटा असलेला प्लग यातल्या कशानेही मरत नाही. त्याचे सोळा टायमर त्याच्या स्वतःच्या पोटात असतात.

पण ‘कायम’ शब्दात आता तुमची नोकरी दडली आहे. प्लगमध्ये बॅटरीवरचं घड्याळ नसतं. वीज जाऊन आली आणि त्याच वेळी इंटरनेट नसेल, तर त्याला वेळ ठाऊक नसते आणि वेळ कळेपर्यंत टायमर हलत नाहीत. बाहेरगावाहून दिवा लावायचा तर व्हीपीएन तुम्हीच सांभाळायचं. होम असिस्टंट ज्या छोट्या संगणकावर चालतं त्याचं मेमरी कार्ड एक दिवस जातं, आणि तक्रार करायला कोणी नसतं.

माझंच घ्या. ते कार्ड गेलं तेव्हा मी होम असिस्टंट आठवडाभर बंद ठेवलं. प्लगवरचं बटण आहेच, म्हटलं चालेल. ईएसपीहोमवाल्या प्लगवरचा दिवा लावला, पंधरा मिनिटांनी विझला. परत लावला, परत पंधरा मिनिटांनी विझला. रिले गेला असं धरून मी प्लग उघडलासुद्धा. रिले ठणठणीत होता. झालं होतं असं, की पंधरा मिनिटं कोणी एपीआयवर (होम असिस्टंटशी बोलायच्या वाटेवर) बोलायला आलं नाही तर काहीतरी अडकलंय असं समजून ईएसपीहोम स्वतःला रीबूट करतं. तेच त्याचं मूळ सेटिंग. उठल्यावर रिले बंद अवस्थेत येतो, आणि दिवा गुल. रीबूट टाइमआउट शून्य केला की संपलं. ते लिहिलेलंही होतं, मी वाचलं नव्हतं.

त्या आठवड्यात घरात न बिघडलेली एकच गोष्ट होती. सीबी2एसवाला तो चौथा प्लग अजूनही कंपनीच्याच ॲपवर आहे, पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर. त्याला जोडलेला टेबललॅम्प रोज संध्याकाळी सातला लागतो.