वांगावर लिंबू आणि ‘झाडपाल्याचं कधी बाधत नाही’

‘लिंबाच्या रसात ज्येष्ठमधाची पूड आणि चिमूटभर हळद कालवा, वांगावर लावा आणि पंधरा मिनिटं कोवळ्या उन्हात बसा. सात दिवसांत डाग मुळापासून जातो. केमिकल नाही, म्हणून साइड इफेक्ट शून्य.’ घरच्या ग्रुपवर हा मेसेज एव्हाना येऊन गेला असेलच. त्यात खरं थोडं आहे आणि त्याच्याच जोरावर बाकीचं खपतंय.

आधी खरं तेवढं. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन टायरोसिनेज या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने तयार होतं. ज्येष्ठमधातलं ग्लॅब्रिडिन या विकराला अडवतं. पण मुळीत ते एक टक्काही नसतं आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. सीरममध्ये घालतात तो वेगळा काढलेला अर्क. घरच्या लेपातलं बहुतेक सगळं तोंड धुताना मोरीत जातं. हळदीने चेहरा पिवळा होतो. डाग खाली जागच्या जागी.

लिंबू कशाला, तर म्हणे व्हिटॅमिन सी. 100 मिलि रसात ते 50 मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे 0.05 टक्के. सीरममध्ये 10 ते 20 टक्के असतं. वर ‘उन्हात बसा’ म्हणजे कहरच! लिंबात, सालीत जास्त, फ्युरोकुमरिन नावाची द्रव्यं असतात. ऊन लागलं की ती त्वचा भाजून काढतात. दिवस-दोन दिवसांत लाली, कधी फोड, आणि मग महिनोन्महिने न हटणारा तपकिरी डाग. रस जसा ओघळला तशीच रेघ उमटते. डाग घालवायला निघालात आणि नवा घेऊन आलात.

‘झाडाचं आहे, बाधणार नाही’ याला उत्तर जपानमध्ये आहे. ऱ्होडोडेंड्रॉल हे भूर्जासारख्या झाडांत सापडणारं द्रव्य. कानेबो कंपनीने ते 2 टक्के प्रमाणात गोरेपणाच्या प्रसाधनांत घातलं. 2008 मध्ये सरकारी मान्यताही मिळाली होती. पुढे वापरणाऱ्यांच्या चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर पांढरे चट्टे उठू लागले आणि जुलै 2013 मध्ये माल परत मागवावा लागला. बाधितांचा आकडा पंधरा हजारांच्या वर गेला. झालं असं, की टायरोसिनेजला अडवायला गेलेलं हे द्रव्य त्याच विकराच्या हाती लागून विषारी क्विनोन बनलं आणि रंगपेशीच मेल्या. थांबवल्यावर पुष्कळांचा रंग परतला, सगळ्यांचा नाही.

‘केमिकल नको’ म्हणणाऱ्यांच्या आवडत्या, डाग उजळवणाऱ्या आर्ब्युटिनकडेही बघा. बेअरबेरी या झुडपाच्या पानांतलं हे द्रव्य म्हणजे ग्लुकोज जोडलेलं हायड्रोक्विनोन, डागांवरचं ‘केमिकल’ औषध! म्हणजे ज्याच्या नावाने बोटं मोडायची त्याचंच भावंड. डाग उजळवणारं दुसरं द्रव्य, कोजिक ॲसिड, तर झाडाचं नाहीच, बुरशीचं.

राहिले सात दिवस. वरच्या त्वचेचा थर बदलायलाच महिनाभर लागतो. औषधाचा परिणाम जोखतात तो दोन-तीन महिन्यांनी, आणि सनस्क्रीन नसेल तर वांग परत येतोच. दिसणाऱ्या प्रकाशानेही तो गडद होतो, म्हणून त्यावर आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन चांगलं. आठवड्यात उजळवणाऱ्या बेनावाच्या क्रीमच्या डब्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड निघतं किंवा पारा. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली, तेव्हा त्यांच्या क्रीममध्ये पाराच सापडला होता.